पहिला नंबर बापाचा

खर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका पाड्यात एक गोष्ट सांगतात. एका माणसाने बायकोचं काम अंगावर घेतलं, तान्ह्या पोराला स्वतःच्या हाताने भरवलं, आणि बाप्याच्या हातचं खाऊन ते पोर वाळलं. नव्याने सासरी आलेल्या मुलींना ही गोष्ट सांगतात. लेकराला घेऊन बसलेल्या एखाद्या तरुण बापाला कोणीतरी म्हातारी टोकते, "ठेव रे खाली, त्याच्यासारखा करशील."

ही गोष्ट खोटी आहे. ते पोर वाळलं हे खरं. बाप भरवत होता हेही खरं. पण या दोन गोष्टींच्या मध्ये एक तिसरी घडली होती. ती माझ्यामुळे घडली आणि ती कोणी सांगत नाही. मी आता थकलो आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. आहे तोवर लिहून ठेवतो.

माझी सारी नोकरी आरोग्य खात्यात गेली. हिवतापाचा हंगाम आला की शहापूर तालुक्यातले पाडे पायी पालथे घालायचे. तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, गोळ्या द्यायच्या, फवारणी झाली की दाराशेजारी खडूने तारीख टाकायची. पोरं मला लांबून बघून पळायची. 'सुईवाला बाबा' हे माझं नाव त्यातूनच पडलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते माझ्यामागून गेलं नाही. त्या नावाचा मला राग नव्हता. कुठल्याही पाड्यात गेलो तरी ओटीवर गोणपाट अंथरलं जायचं ते त्या नावामुळेच.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी शहरातून काही मंडळी आली. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांमध्ये आईबाप आपल्या लहान मुलांना कसं भरवतात, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांना वाटा ठाऊक असलेली, ओळखीची माणसं हवी होती. मला विचारलं तेव्हा मी हसलोच.

"भरवण्यात मोजायचं काय? किती भात खाल्ला, ते?"

"किती ते नाही काका," त्यांच्या मॅडम म्हणाल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. "कसं, ते. मुलानं तोंड फिरवलं की आई काय करते? थांबते, बोलते, रागावते, की कोंबते? पोट भरलं हे तिला कळतं का? मूल खातंय की त्याला खायला लावलं जातंय, हे बघायचं."

शहापूरला आमचं प्रशिक्षण झालं. काम वरवर सोपं होतं. जेवणाच्या वेळेआधी घरात जाऊन बसायचं. पोराचं तोंड पुसून होईपर्यंत हलायचं नाही. प्रत्येक घासाला खूण करायची: कोणी दिला, पोराने तोंड उघडलं की मिटलं, मग भरवणाऱ्याने काय केलं. आपण बोलायचं नाही, सुचवायचं नाही, हसायचंही नाही. नवा माणूस बसला की घरातली माणसं गोड वागतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या खुणा धरायच्याच नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माणसं आपल्याला विसरतात, तेव्हा खरं मोजमाप सुरू होतं. आणि एक गोष्ट मॅडमनी पुन्हा पुन्हा बजावली होती. एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही. वाईट तर नाहीच, चांगलंही नाही.

'चांगलंही नाही' हे मला तेव्हा उगाचच वाटलं. चांगलं सांगायला काय हरकत आहे, असं मी मनात म्हणालो होतो.

मी बरीच घरं पाहिली. मुरबाडकडच्या एका घरात आई पोराला पायांवर आडवं घेऊन पेज पाजायची आणि शेजारणीशी भांडत असायची. पेज आणि भांडण दोन्ही एका लयीत चालायचं. एका घरात ताट मधे, भोवती पाच-सहा जण, आणि रांगतं पोर ज्याच्या हातात घास दिसेल त्याच्याकडे तोंड करायचं. त्याला कोण भरवतं हे लिहिताना माझी तारांबळ उडायची. बऱ्याच घरी घाई असायची. लाकडं आणायची असायची, मजुरीला जायचं असायचं. पोराने तोंड मिटलं की दोन बोटांनी गाल दाबून घास आत. त्यात माया नव्हती असं मी म्हणणार नाही. वेळ नव्हता.

मग ते घर आलं.

नवराबायको, नवऱ्याची म्हातारी आई आणि वर्षाच्या आतबाहेरचा एक मुलगा. दरवर्षी दोघं नवराबायको भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. मागल्या हंगामात त्याच्या पायावर विटांचा थर कोसळला आणि हाड मोडलं. पाय नीट बसला नव्हता, म्हणून तो घरी होता. बायको आसनगावजवळच्या एका कारखान्यात पाकिटं भरायला जायची. सकाळी उजाडायच्या सुमारास पाड्याखालच्या रस्त्यावर जीप यायची, ती संध्याकाळी परत आणून सोडायची. म्हातारीला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. तेव्हा दुपारचं भरवणं त्याच्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मला बघून तो लाजला. "बाबा, बायको कामाला जाते. मीच भरवतो. चालंल ना तुमच्या मोजन्याला?"

"चालेल की. जो भरवेल त्याचं लिहायचं."

"पाय मोडला म्हनून हात मोकला झाला," तो म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला.

त्याच्या दारात शेळ्या बांधलेल्या असायच्या. पोराला मांडीवर घेऊन तो भिंतीला टेकायचा. थाळीत भात, त्यावर वालाचं पातळ कालवण. भात तो इतका मऊ करायचा की शितं दिसू नयेत. मग त्याच्या लहान लहान गोळ्या करून थाळीच्या कडेला मांडायचा. त्या गोळ्या म्हणजे त्याच्या शेळ्या, आणि पोराचं तोंड म्हणजे गोठा.

"ही काली. चल गो काले, आत हो." पोरगं तोंड उघडायचं. "ही कानफाटी. हिला घाई हाय बघ." ते पुन्हा उघडायचं. मधेच ते ओठ घट्ट मिटायचं आणि बापाकडे डोळे मोठे करून बघायचं.

"ताटी लागली," तो म्हणायचा. हात मागे घ्यायचा. "गोठ्याची ताटी लागली रे. आता काय करतील बिचाऱ्या? भायेर उभ्या रातील." आणि तो घास हातात धरून, घाई न करता, बाहेरच्या खऱ्या शेळ्यांशी गप्पा मारायचा. "तुला नाय घेत गो तो. तू लाथ मारतेस म्हनून नाय घेत." पोरगं खुदकन हसायचं, आणि हसताना ताटी उघडायची. कधी उघडायचीच नाही. मग तो उरलेला भात स्वतः खायचा आणि पोराचं तोंड धुवायचा. "झाला. प्वाट भरला त्याचा." त्याने एकदाही बळ केलं नाही. माझ्या कागदावर ज्या खुणा चांगल्या धरल्या जायच्या त्या साऱ्या त्याच्या रकान्यात होत्या, नि ज्या वाईट त्यातली एकही नव्हती. मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, इतकं चांगलं भरवणं मी शहरातही पाहिलं नाही."

इथे एक गोष्ट लिहायला हवी, जी मी त्या वेळी स्वतःशीही बोललो नव्हतो. त्या घरात बसून मला बरं वाटायचं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी खुपायचंही. मला दोन मुलं. त्यांच्या लहानपणी मी पाड्यांमधून फिरत होतो हे खरं, पण मी घरी असायचो तेव्हाही त्यांना एक घास माझ्या हाताने भरवल्याचं मला आठवत नाही. आमच्यात तशी रीतच नव्हती. बाप जेवायला बसला की पोरांना बाजूला घेत. माझं पोर जेवताना कसं तोंड मिटतं, हसताना कसं उघडतं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि हा मोडक्या पायाचा मजूर भिंतीला टेकून ते सहज करत होता. मला त्याचं कौतुक होतं. पण त्या कौतुकात थोडं काहीतरी नासकं मिसळलेलं होतं, हे आज मला कळतं.

थंडीच्या दिवसांत त्या पाड्यात अंगणवाडीच्या पटांगणात बैठक झाली. बोअरवेलचा पंप बिघडला होता, त्यासाठी पुरुषमंडळी जमली होती. बायका पोरांना घेऊन आल्या होत्या. सेविका मला म्हणाली, "बाबा, तुमी इतके दिस लोकांच्या घरात बसताव. काय दिसला ते दोन शब्द सांगा."

मी उभा राहिलो. मुलांशी बोलत भरवा, कोंबू नका, असं सांगितलं. लोक ऐकत होते, पण कंटाळले होते. मागून एक जण म्हणाला, "बाबा, ते सोडा. आमच्यात कोनाला जमते ते सांगा. कोन पास, कोन नापास?"

हशा पिकला. तिथेच थांबायला हवं होतं. पण माणसं हसायला लागली की मला आणखी हसवायची हुक्की येते, ती माझी जुनी खोड. तो कडेला कुबडी घेऊन बसला होता, मांडीवर पोरगं. मी त्याच्याकडे बोट केलं.

"नंबर काढायचाच तर पहिला नंबर बापाचा! साऱ्या बायका नापास. याच्यासारखी आई तुमच्या पाड्यात दुसरी नाही. याला लुगडं नेसवा आणि अंगणवाडीत शिकवायला ठेवा!"

पटांगण नुसतं हादरलं. बायका पदर तोंडाशी घेऊन हसत होत्या. त्याच्या मांडीवरचं पोरगंही, सगळे हसतात म्हणून हसलं. तोही हसला. त्याचे कान लाल झाले होते ते मी पाहिलं, आणि मला वाटलं, कौतुकाने लाजला.

दुसऱ्या दिवसापासून पाड्यातल्या माणसांनी त्याला 'गो' म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे बाईला 'गो' आणि बाप्याला 'रे'. तो दारातून जाताना दिसला की कट्ट्यावरून हाक यायची.

"काय गो, पोर निजला का?"

"आये, आमालाबी दोन घास दे गो!"

"दूध आला का गो तुला?"

मी एकदा तिथे असतानाच हे चाललं होतं. मीही हसलो. त्याच्या बरोबरीची माणसं आहेत, चेष्टा करतात, चार दिवसांनी विसरतील, असं मला वाटलं. त्याच्या एका चुलतभावाने मात्र मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "बाबा, तुमी बोललाव म्हनून लोक बोलतात. सुईवाला बाबा बोलला म्हनजे खरा, असा झाला." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि निघून आलो.

पाय पुरता बरा झाला नसतानाच तो वीटभट्टीवर गेला. मुकादमाच्या गाडीत चढताना लंगडत होता, असं मला नंतर कळलं. बायकोचं कारखान्यातलं काम चालू होतं, ते सोडता येत नव्हतं. पोरगं म्हातारीकडे राहिलं.

म्हातारीला मी दोष देत नाही. तिने तिची पोरं जशी वाढवली तसंच ती नातवाला वाढवत होती. पायांमध्ये आडवं धरायचं आणि चमच्याने पेज ओतायची. दिसत नसल्यामुळे ती कधी हनुवटीवर ओतायची, कधी नाकात. पोरगं खोकायचं, रडायचं, आणि मग त्याने तोंड मिटायला सुरुवात केली. चमचा दिसला की मिटायचं. पुढे वाटी दिसली तरी मिटायचं. संध्याकाळी आई येऊन भरवायची तेव्हाही मिटायचं. दिवसभर कंपनीत उभी राहून ती आलेली असायची. ती रडायची, रागवायची, आणि शेवटी गाल दाबायची.

त्याच घरांच्या मोजणीची दुसरी फेरी पावसाळ्याआधी होती. मी त्या घरात गेलो तेव्हा शेळ्या विकलेल्या होत्या. पोरगं म्हातारीच्या शेजारी पडलेलं होतं. डोकं मोठं दिसत होतं आणि पाय काटकुळे. नोकरीच्या दिवसांत मी अशी मुलं पाहिलेली होती, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. मी त्याच दिवशी सेविकेला घेऊन पोराच्या आईला कारखान्यातून बोलावून आणलं आणि पोराला शहापूरच्या दवाखान्यात नेलं.

भट्टीवर निरोप गेला. दुसऱ्या दिवशी तो आला. वॉर्डात सगळ्या बायाच होत्या, आपापली मुलं घेऊन बसलेल्या, त्यात त्याच्याच पाड्यातल्या दोघी. नर्सबाई त्याच्या बायकोला सांगत होती की पोराने तोंडाने घेतलं तर बरं, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. ती वाटी घेऊन बसली होती आणि पोरगं तोंड उघडत नव्हतं.

तो दाराबाहेर उभा होता. मी त्याचा दंड धरला.

"अरे, तू जा. तुझ्या हातचं खाईल तो. शेळ्यांचं कर की."

त्याने आत पाहिलं. त्या दोघी त्याच्याकडेच बघत होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं.

"नको बाबा."

"पोराचा जीव जाईल रे!"

"तुमीच सांगितलाव ना समद्यांना," तो हळू म्हणाला. रागाने नव्हे. मला माहीत नाही असं काहीतरी समजावून सांगावं, तसं. "मी आत गेलो का त्या हसतील. मी हात फुडे केला का माझा हात थरथरंल. आन् पोराला ते कलेल. मंग तो खाईल का?"

तो दाराबाहेरच बसून राहिला. नळी घातली. पोरगं वाचलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गोष्ट सांगणारे कधी कधी ते मेलं असंही सांगतात. ते वाचलं, घरी आलं, पुढे चालायला-बोलायला लागलं. पण वाढीत मागे राहिलं ते राहिलंच. आणि पाड्याने कारण ठरवून टाकलं. बाप्याच्या हातचं खाल्लं, म्हणून पोर वाळलं. म्हातारीने हे शेजारणींकडून ऐकलं आणि लेकाला तोंडावर बोलून दाखवलं. मला वाटतं, हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

मॅडमनी विचारलं, या घरात भरवणारा माणूस का बदलला. मी म्हणालो, "कामासाठी बाहेरगावी गेला." खोटं नव्हतं ते. त्यांनी मान डोलावली आणि तसंच धरलं.

त्यानंतरची वर्षं मी गप्प काढली. बोलायला मला माझ्या बायकोने लावलं, तिच्या नकळत.

तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. मुलगा कल्याणला, मुलगी लांब. भरवायला मी. पहिल्या दिवशी मी चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला आणि तिने तोंड फिरवलं. मी म्हणालो, "खा ग, औषध घ्यायचंय." पुन्हा नेला. पुन्हा फिरवलं. तिसऱ्या खेपेला मी तिचा गाल धरला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात खाली आला. ज्याने इतक्या घरांमध्ये बसून त्या खुणा केल्या, त्याला स्वतःला थांबता येत नव्हतं. शिकायला मला फार दिवस लागले. भात कसा मऊ करायचा, चमचा कुठल्या बाजूने न्यायचा, मधे गप्पा काय मारायच्या. तिच्या माहेरच्या नदीच्या गोष्टी काढल्या की तिचा चेहरा सैल व्हायचा आणि ती दोन घास जास्त घ्यायची. त्या दिवसांत रोज तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे यायचा. ज्याला हे कोणी न शिकवता येत होतं, त्याचा हात मी चारचौघांत हसून बांधून टाकला होता.

ती गेली. तिचे दिवस झाल्यावर मी त्या पाड्यात गेलो. तिथे कळलं की त्याला आता मुलगी झाली आहे, नुकती वरचं खायला लागली आहे. बायको पुन्हा कारखान्यात जाते. तो यंदा घरीच आहे, खालच्या शेतावर राखणीला. आणि तरी मुलीला दुपारचं भरवायला शेजारची बाई येते. तो मुलीला कडेवर घेतो, अंघोळ घालतो, झोपवतो. फक्त भरवत नाही. "त्याचा हात चांगला नाय," शेजारीण मला म्हणाली, सहज, एखाद्याला गोड चालत नाही म्हणावं तसं.

मला राहवलं नाही. मी सेविकेला सांगून संध्याकाळी लोकांना पटांगणात बोलावलं. ज्या जागी बोललो त्याच जागी ते पुसायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो येईल याची मी खातरजमा केली होती. माणसं जमली. मी उभा राहून सगळं सांगितलं. पोर त्याच्या हातचं खाऊन वाळलं नाही. त्याचा हात सुटला म्हणून वाळलं. आणि हात सुटला तो माझ्या थट्टेमुळे. दोष माझा आहे, त्याचा नाही.

कोणी हसलं नाही. पण साऱ्यांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "म्हनजे हात वाईट नव्हता तर. चांगलाच भरवायचा म्हनं." कोणीतरी म्हणालं, "मंग आता भरव की रे, बाबांनी पास केलाय तुला." मागे खसखस पिकली.

तो उठला आणि पटांगणाबाहेर चालायला लागला.

मी त्याच्या मागे गेलो. मला धाप लागली होती. त्याच्या घरामागे, आंब्याखाली त्याला गाठला.

"अरे, मी तुझी बाजू…"

"बाबा," तो म्हणाला, "पुना तेच केलाव."

मी आंब्याला टेकलो.

"माझ्या घरातली गोष्ट हाय ती. माझा पोर, माझा हात. तवा तुमी ती पटांगनात नेलाव, आताबी नेलाव. चांगला बोललाव का वाईट, मला काय फरक? समदे बघत राहतात." तो खाली बसला. म्हणाला, "एकट्याला येऊन सांगितला असता ना, दारात बसून. मी ऐकला असता."

"चुकलं माझं."

"व्हय."

त्याने मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आतून मुलीच्या रडण्याचा आवाज आला. त्याची मान दाराकडे वळली, पण तो उठला नाही, कारण मी तिथे उभा होतो. हे माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला. मग मी निघालो.

हे लिहिण्याआधी मी त्याला विचारायला गेलो होतो. या वेळी कट्टा टाळून, शेताच्या बांधावरून, एकटा. तो कुंपण बांधत होता. नाव घालणार नाही, पाड्याचंही नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "लिवा. आमच्यात कोन वाचतो?" मग कुंपणाची गाठ आवळत म्हणाला, "पन तो वाळला तो माझ्यामुले नाय, ते लिवा." ते मी लिहिलं आहे.

परवा खर्डीला रिक्षाच्या थांब्यावर त्याची बायको भेटली. कारखान्याच्या जीपमधून उतरली होती, हातात डबा. मी ओळख दिली. तिने पदर सावरला. पोराची चौकशी केली तर म्हणाली, शाळेत जातो, बारीक हाय पन चपल हाय. मग मी विचारून गेलो, जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

"आणि मुलगी? दुपारची खाते ना नीट? कोण भरवतं आता?"

ती रागावलेली नव्हती.

"बाबा, ती खाते," ती म्हणाली. "कोन भरवते, ते नाय सांगायचा."

रिक्षा भरली होती. ती आत बसली, डबा मांडीवर घेतला, आणि मी बाजूला झालो.